पोरगं फोनवर 'सगळं ठीक' म्हणतंय? मग एवढं वाचाच

रात्री साडेआठ-नऊ वाजले की गावातल्या घराघरातून शहरात शिकणाऱ्या पोरांना फोन लागतात. "जेवलास का?" "हो." "अभ्यास?" "चालूय." "पैसे आहेत का?" "आहेत." दोन मिनिटांत फोन बंद. आई-वडील निवांत झोपतात. पण पोराचे दोन विषय राहिलेत, आठ दिवस ते कॉलेजला गेलेलं नाही आणि हे घरी कसं सांगायचं या विचारानं त्याला झोप येत नाही, हे त्या दोन मिनिटांत कळत नाही.

बरीच मुलं घरी सांगत नाहीत, याचं कारण घरच्यांवरची मायाच असते. सोयाबीन काय भावानं गेलं, सोसायटीचं किती थकलं हे त्यांना ठाऊक असतं. त्यात आपली भर नको म्हणून ती गप्प बसतात. म्हणून ते सांगायची वाट घरच्यांनीच मोकळी करून द्यावी लागते.

ताण येतो कशाचा?

बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराला एकदम इंग्रजीतलं लेक्चर कळत नाही. वर्गात विचारायची लाज वाटते. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की मेस आणि खोलीभाडं अडतं. सोबतच्या मुलांचे कपडे, मोबाईल, बोलणं बघून आपण कमी आहोत असं वाटायला लागतं. कुणाला जातीवरून, बोलीवरून टोमणे बसतात. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांचं वय वाढत जातं आणि गावात गेलं की एकच प्रश्न, "लागला का कुठं?" मुलींवर आणखी एक दडपण असतं. नापास झालं तर शिक्षण बंद आणि लग्न.

कोणत्या खुणा ओळखायच्या?

पिकावर रोग पडला की शेतकऱ्याला पान बघून कळतं. माणसाच्या मनाचंही तसंच आहे, खुणा आधी दिसतात.

- झोप येत नाही किंवा दिवसभर झोपून राहतं
- जेवण कमी होतं, वजन उतरतं
- सुट्टी असूनही गावाकडे यायला टाळाटाळ, फोन न उचलणं
- लहान गोष्टीवरून चिडचिड, रडू येणं, आवडीच्या गोष्टीत मन न लागणं
- डोकं-पोट सारखं दुखतं, पण तपासण्यांत काही निघत नाही
- दारू किंवा इतर व्यसन सुरू होणं
- "माझ्यामुळं तुम्हाला त्रास", "मी नसतो तर बरं" असं बोलणं

परीक्षेआधी चार दिवस धास्ती वाटणं साहजिक आहे. पण अशा खुणा दोन आठवडे रोज दिसत असतील, तर तज्ज्ञाला दाखवायला हवं. शेवटची खूण दिसली तर दोन आठवडे काय, दोन दिवसही थांबू नये.

फोनवर काय बोलायचं?

"अभ्यास कसा चाललाय" याऐवजी "आज दिवसभर काय केलंस? कुणाबरोबर जेवलास?" असं विचारा. पोरगं बोलायला लागलं की मध्येच उपदेश करू नका. "आमच्या वेळेला चालत शाळेत जावं लागायचं", "शेजारच्याचा बघ, नोकरीला लागला" ही वाक्यं ऐकली की ते पुढच्या वेळी काहीच सांगत नाही.

एकदा स्पष्ट सांगून ठेवा, "विषय राहिला तर परत देता येतो. वर्ष गेलं तरी चालेल. तू आधी आम्हाला सांग." हे वाक्य निकाल लागायच्या आधीच सांगितलेलं असावं.

विद्यार्थ्यांनी काय करावं?

रात्री जागून रील्स बघणं कमी करा, झोपेची वेळ ठरवा. मेसचे पैसे वाचवायला जेवण टाळू नका. रोज अर्धा तास चाला. मनातलं बोलता येईल असा एक तरी माणूस धरून ठेवा, मित्र, बहीण, मामा, सर, कुणीही. विषय राहिला असेल तर त्या विषयाच्या सरांना भेटा, पुढच्या परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते विचारा. पुढचं पाऊल कळलं की अर्धी भीती कमी होते.

मदत कुठं मिळते?

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आई-वडीलही फोन करून सल्ला विचारू शकतात.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी आणि औषधं मिळतात. कोणत्या वारी डॉक्टर असतात ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. उदासीच्या आजारावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळं चार दिवसांत बंद करू नका. आजाराची माहिती गुप्त ठेवणं मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार बंधनकारक आहे.

१०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिला आहे. प्रवेश घेताना कॉलेजात हे जरूर विचारा.

जीव द्यायची भाषा केली तर?

"नाटक करतोय" म्हणून सोडून देऊ नका. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. त्याला एकटं ठेवू नका. शहरात असेल तर आधी रूममेटला किंवा वॉर्डनला त्याच्याजवळ बसायला सांगा आणि मिळेल त्या गाडीनं निघा. धोका वाटला तर ११२ ला फोन करा. घरी आणल्यावर फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. आधी दवाखाना गाठा, अंगारा-धुपारा करत दिवस घालवू नका.

१४४१६ हा नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि शिकणाऱ्या पोरालाही पाठवा. आणि आज रात्रीच्या फोनला दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं द्या.