चाचाकडे वाढणारं मूल आणि आखाताचा व्हिसा: आधी कागद, मग तिकीट

रायगडच्या किनाऱ्यावर मुरूडपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत मुस्लिम मोहल्ल्यांतली कितीतरी घरं परदेशातल्या कमाईवर उभी आहेत. कुणी कुवेतला, कुणी सौदीला, कुणी दुबई-कतारला. आपल्या या घरांमध्ये आणखी एक जुनी रीत आहे. एका भावाला मूल झालं नाही, तर दुसऱ्या भावाचं किंवा बहिणीचं एखादं मूल त्याच्याकडे वाढतं. त्याला कुणी दत्तक म्हणत नाही. 'तो चाचाकडे असतो,' एवढंच म्हणतात. कागद होत नाही आणि गावात राहायचं असेल तर फारशी गरजही पडत नाही.

अडचण येते ती चाचा-चाची परदेशात असतात तेव्हा. मुलाला सोबत न्यायचं म्हटलं की व्हिसाच्या अर्जावर पहिलाच प्रश्न येतो: हे मूल तुमचं कोण? घरच्यांनी दिलेला शब्द तिथे चालत नाही. मग कुणीतरी सोपी वाट सुचवतो आणि त्या वाटेवर मुलाचं आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं. म्हणून शरियत काय सांगते, भारताचा कायदा काय सांगतो आणि दोन्ही सांभाळून मूल परदेशात कसं नेता येतं, हे आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

शरियतमध्ये मनाई कशाची आहे?

'इस्लाममध्ये दत्तक हराम आहे' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. मनाई आहे ती मुलाचा वंश बदलण्याला, म्हणजे त्याच्या खऱ्या बापाचं नाव पुसून आपलं नाव लावण्याला. सूरह अल्-अहजाबच्या चौथ्या आणि पाचव्या आयतीत हा हुकूम आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांभाळलेले हजरत जैद (रजि.) यांना लोक त्यांच्या नावाने ओळखू लागले होते. या हुकुमानंतर ते पुन्हा आपल्या वडिलांच्या नावाने, जैद बिन हारिसा म्हणून ओळखले जाऊ लागले.

मूल घरी आणणं, जेवू घालणं, शिकवणं, माया देणं याला मनाई नाहीच. उलट यतीमाचा सांभाळ करणाऱ्याला जन्नतमध्ये पैगंबरांची जवळीक मिळेल, असं हदीसमध्ये आलं आहे. या सांभाळाला 'कफाला' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही, कलम २० मध्ये, पालकांविना राहिलेल्या मुलाच्या सांभाळाचा एक मार्ग म्हणून कफालाचं नाव घेतलेलं आहे. आखाती देशांतले कौटुंबिक कायदे शरियतवर आधारलेले असल्याने तिथेही मुसलमानांसाठी वंश बदलणारं दत्तक नाही, कफालाच आहे.

भारतात दोन रस्ते

पहिला रस्ता 'पालक व पाल्य अधिनियम, १८९०' चा. यात जिल्हा न्यायालय तुम्हाला मुलाचे पालक नेमतं. मुलाचं नाव, वंश आणि आई-बाप तेच राहतात. कफालाच्या सर्वांत जवळ जाणारा हाच रस्ता. पण हे पालकत्व मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच टिकतं आणि त्यातून वारसाहक्क मिळत नाही. याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे न्यायालयाने नेमलेला पालक त्या न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला त्याच्या हद्दीबाहेर नेऊ शकत नाही. अलिबागच्या न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश हातात आहे म्हणून थेट विमानात बसता येतं, असं नाही. त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते.

दुसरा रस्ता 'बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५' चा. हा कायदा सर्व धर्मांच्या नागरिकांना खुला आहे. यात मूल कायद्याने पूर्णपणे तुमचं होतं आणि जन्मदात्या कुटुंबाशी त्याचं कायदेशीर नातं संपतं. मुसलमानांना हा रस्ता घेता येतो का, हा प्रश्न शबनम हाशमी यांच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९ फेब्रुवारी २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हा कायदा ऐच्छिक आहे. ज्याला त्याखाली दत्तक घ्यायचं आहे त्याने घ्यावं, ज्याला आपल्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे चालायचं आहे त्याने तसं चालावं. तो निकाल २००० च्या जुन्या बाल न्याय कायद्यावरचा होता, पण ही मोकळीक २०१५ च्या कायद्यातही कायम आहे. म्हणजे सक्ती कुणावर नाही आणि दारही कुणाला बंद नाही.

नात्यातलं मूल परदेशात नेताना

आपल्याकडे सर्वांत जास्त प्रसंग हाच असतो. बाल न्याय कायद्यात 'नातेवाईक' या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे: मुलाचे चाचा, फूफी, मामू, खाला, दादा-दादी आणि नाना-नानी. दूरच्या चुलतभावाचं मूल घ्यायचं असेल तर नात्यातल्या दत्तकाची ही वाट लागू होत नाही.

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकासाठी कलम ६० आहे. त्यानुसार कामाचा क्रम साधारण असा असतो:

- केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी.
- तुम्ही राहता त्या देशात तुमच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल. हेग दत्तक करारातल्या देशांत तो तिथली अधिकृत संस्था किंवा सरकारी यंत्रणा करते. जिथे अशी सोय नाही, तिथे भारतीय दूतावासाकडे जावं लागतं.
- मुलाच्या जन्मदात्या आई-बापांची लेखी संमती. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती.
- जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मुलाच्या कुटुंबाचा अहवाल.
- जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला.
- 'कारा'चं ना हरकत प्रमाणपत्र. त्यानंतर पासपोर्ट आणि व्हिसा.

हा क्रम चुकवून मूल परदेशात नेणं हा गुन्हा आहे. वैध आदेशाशिवाय मूल परदेशात नेणारा, पाठवणारा किंवा तशा व्यवस्थेत भाग घेणारा कलम ८० खाली शिक्षेला पात्र ठरतो: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. यात मूल नेणारा चाचा येतो, तसा पाठवणारा सख्खा बापही येतो.

'सोपी वाट' कुठे घेऊन जाते

काही जण सल्ला देतात की बाळंतपणाच्या वेळीच दवाखान्यात आई म्हणून चाचीचं नाव लिहा, म्हणजे जन्मदाखलाच तसा निघेल आणि पुढे काही त्रास नाही. कृपा करून हे करू नका. कायद्याने ती खोटी नोंद आहे. आणि शरियतने ज्या एका गोष्टीला मनाई केली आहे, नेमकी तीच ती आहे. कायद्याच्या दत्तकाबद्दल आलिमांमध्ये आणि कुटुंबांमध्ये मतं वेगळी असू शकतात, पण खोट्या जन्मदाखल्याबद्दल शरियत आणि कायदा एकाच बाजूला उभे आहेत.

हे उघडही पडतं. शंका आली की काही देश व्हिसासाठी डीएनए चाचणीचा पुरावा मागतात. अहवाल जुळला नाही तर मूल इकडे आणि तुम्ही तिकडे. मोठं झाल्यावर आजार, रक्तगट किंवा लग्नाच्या बोलणीतून सत्य बाहेर आलं, तर त्या मुलाचा सगळ्यांवरचाच भरवसा उडतो.

नात्याबाहेरचं मूल

घरात देण्यासारखं मूल नसेल तर 'कारा'मार्फत संस्थेतलं मूल घेता येतं. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना क्रमवारीत भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीने धरलं जातं. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावीत. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त नसावी. मूल मोठं असेल तर ही मर्यादा वाढते. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी घेता येते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. प्रतीक्षा यादी लांब आहे, त्यामुळे काही वर्षं थांबण्याची तयारी ठेवावी लागते. मूल परदेशात गेल्यावर दोन वर्षं त्याच्या प्रगतीचे अहवाल द्यावे लागतात.

एजंट किंवा दवाखान्यातला कुणी पैसे घेऊन 'बाळ मिळवून देतो' म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. मुलाची खरेदी-विक्री कलम ८१ खाली गुन्हा आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. दवाखान्यातला माणूस त्यात असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

दुसऱ्या देशातून मूल आणता येतं का?

हा प्रश्नही विचारला जातो, विशेषतः युद्धातल्या यतीम मुलांच्या बातम्या पाहिल्यावर. भारतीय नागरिकाला परदेशातलं मूल दत्तक घेता येतं, पण सगळी प्रक्रिया त्या देशाच्या कायद्याने तिथेच पूर्ण करावी लागते. त्याशिवाय 'कारा'ची मंजुरी लागते. मूल त्याच्या देशाच्या पासपोर्टवर, भारताचा व्हिसा घेऊन येतं आणि नागरिकत्वासाठी पुढे वेगळा अर्ज करावा लागतो.

यात धोका काय असतो, ते रशियाच्या उदाहरणावरून कळतं. १९९० नंतर हजारो अमेरिकी जोडपी रशियातल्या अनाथालयांतून मुलं घेऊन आली. डिसेंबर २०१२ मध्ये दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि रशियाने कायदा करून १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकनांना हे दार बंद केलं. काही जोडपी तिथे जाऊन मुलांना भेटून आली होती, मुलं त्यांची वाट पाहत होती. तीही अडकली. चीननेही सप्टेंबर २०२४ मध्ये जवळच्या रक्ताच्या नात्याचा अपवाद ठेवून परदेशी दत्तक थांबवलं. मुलाच्या वाटेत सरहद्द आली की दोन सरकारांची मर्जी लागते. त्यातल्या एकाने हात मागे घेतला की सगळं थांबतं. म्हणून पूर्ण मंजुरी हातात येईपर्यंत मुलाला 'तुला घेऊन जाणार' असा शब्द देऊ नये.

घरातले तीन प्रश्न

पहिला महरमचा. बाहेरचा मुलगा वयात आल्यावर आईला आणि मुलगी वयात आल्यावर बापाला नामहरम होते. यावर दूध पाजण्याचं नातं, म्हणजे रजाअत, हा उपाय शरियतमध्येच आहे. बायकोच्या बहिणीने मुलाला दूध पाजलं तर बायको त्याची दुधाच्या नात्याने खाला होते. नवऱ्याच्या बहिणीने मुलीला पाजलं तर नवरा तिचा दुधाच्या नात्याने मामू होतो. कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई मसलकात मूल चांद्रवर्षाने दोन वर्षांच्या आतलं असावं आणि पाच वेगवेगळ्या वेळी पोटभर पाजलेलं असावं, अशी अट आहे. हनफी मसलकात अट सौम्य आहे. मूल घरी येण्याआधीच गावच्या काजींशी किंवा आलिमांशी हे बोलून ठेवलेलं बरं. दोन वर्षं उलटली की हा रस्ता बंद होतो. सख्ख्या भावाची मुलगी चाचाला किंवा सख्ख्या बहिणीचा मुलगा खालाला मुळातच महरम असतो. तिथे प्रश्न उरतो तो जोडीदाराचा.

दुसरा निकाहचा. शाफई मसलकात मुलीच्या निकाहला वली लागतो आणि सांभाळणारा बाप म्हणून तो हक्क मिळत नाही. खरा बाप हयात असेल तर वली तोच. कुणीच नसेल तर काजी. ऐन निकाहच्या दिवशी गोंधळ नको, म्हणून मुलीचा खरा वंश घरात लिहून ठेवलेला असावा.

तिसरा वारसाचा. शरियतप्रमाणे सांभाळलेलं मूल वारस होत नाही. बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेतलेल्या मुलाला कायदा स्वतःचं मूल मानतो. हे दोन्ही नियम समोरासमोर आले की भावाभावांत दावे उभे राहतात. ते टाळण्याचा मार्ग आपल्याच फिकहमध्ये आहे. हयातीत हिबा करून ताबा देता येतो आणि एक तृतीयांशपर्यंत मालमत्तेची वसीयत करता येते. वसीयतचा नियमच वारस नसलेल्यांसाठी आहे. ती लेखी करा, साक्षीदार ठेवा आणि भावांना आधीच सांगा.

तिकीट काढण्याआधी

तुमच्या इकामा किंवा रेसिडन्सीवर असं मूल ठेवता येईल का, आणि त्यासाठी दत्तक आदेश चालतो की पालकत्वाचा, हे त्या देशाच्या रेसिडन्सी कार्यालयात विचारा आणि शक्य असेल तर उत्तर लेखी घ्या. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना तर तिथल्या यंत्रणेकडून पात्रतेचं प्रमाणपत्र आधी मिळवल्याशिवाय मूल आणताच येत नाही. भारतातला आदेश त्या देशात चालण्यासाठी अपॉस्टिल लागेल की दूतावासाचं अटेस्टेशन, तेही आधीच पाहा. रायगडमधल्या कुटुंबांनी सुरुवात अलिबागच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षापासून करावी. तिथे माहिती विचारायला वकील लागत नाही.

आणि मुलाला सांगा. त्याला समजेल त्या वयापासून, समजेल त्या शब्दांत सांगा की तुझे अम्मी-अब्बा कोण आणि आम्ही तुझे कोण. गावात एक आणि परदेशात एक, अशी दोन घरं आपली आहेत हे त्याला लहानपणापासून माहीत असू द्या. सूरह अल्-अहजाबमधला हुकूमही हेच सांगतो आणि फाइलमधल्या प्रत्येक कागदावरही तेच असायला हवं.