तुटक्या खडूंचा साचा

आमच्या घरात सध्या बुटांचं एक खोकं मोठ्या मानानं वावरतं आहे. त्यात बूट नाहीत, तुटके मेणखडू आहेत. कुणी नखाएवढा, कुणी बोटाच्या पेराएवढा. दिवाळीच्या साफसफाईत सूनबाई ते खोकं केराच्या डब्याकडे घेऊन निघाली आणि सहा वर्षांच्या नातीनं भोकाड पसरलं. "त्यांच्यात अजून रंग आहे!" असं तिचं म्हणणं. म्हणणं बिनतोड होतं. खडू तुटला म्हणून त्यातला रंग थोडाच संपतो? संपते ती हातात धरायची सोय.

मी जन्मभर साचे बनवले. १९७३ साली पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला चिकटलो, तो २००८ साली निवृत्त होऊनच बाहेर पडलो. फंडाच्या पैशातून लोक चारधाम करतात. मी एक जुना छोटा लेथ आणि ड्रिलिंग मशीन घेतलं. पार्किंगच्या कोपऱ्यातली खोली ही माझी टूलरूम. तेव्हा "रडू नकोस, तुझ्या खडूंना साचा करून देतो," असं मी बोलून गेलो, यात नवल नाही.

मेणखडू म्हणजे पॅराफिन मेण, थोडं स्टिअरिक ॲसिड आणि रंग. १९०३ साली अमेरिकेत आठ खडूंची क्रेयोलाची पेटी पाच सेंटला विकायला आली. ढोबळ कृती आजही तीच. पन्नास-साठ अंशांच्या आसपास हे मेण वितळतं. एवढ्याशा उष्णतेला पोलाद कशाला? ॲल्युमिनियम पुरे. ते कापायला मऊ, आणि मेणातली उष्णता झटकन ओढून घेतं.

मी एक ठोकळा घेतला, त्यात सहा सरळ भोकं पाडली. मेण ओतलं, निववलं, फ्रिजमध्ये ठेवलं, मग उलटं करून ठोकलं. एकही खडू बाहेर येईना! ड्रिलच्या बारीक रेषा भोकाच्या अंगावर राहतात, मेण त्यात रुतून बसतं. मी ना भोकाला उतार दिला होता, ना पॉलिश केलं होतं. पहिल्या वर्षाच्या ॲप्रेंटिसनं हे केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

"आबा, तुम्ही चुकलात?" नातीनं विचारलं.

टूलरूममध्ये हा प्रश्न मला इतक्या सरळ शब्दांत कुणी विचारला नव्हता. घरात तर नाहीच नाही. "हो बाळा, चुकलो," मी म्हणालो. शब्द त्या मेणापेक्षा चिवट निघाला.

दुसरा साचा दुभागी करायचं ठरलं. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवून बोल्टनं आवळायच्या, त्या जागच्या हलू नयेत म्हणून दोन डॉवेल पिना ठोकायच्या आणि बरोबर सांध्यावर भोकं पाडायची. बोल्ट सोडले की प्रत्येक भोक दोन पन्हळींत उघडतं आणि खडू अलगद सुटतो. लहान मुठीला बरा म्हणून खडू १२ मिलिमीटर जाड आणि ४० मिलिमीटर लांब ठरवला. आधी ४ मिलिमीटरचं ड्रिल, मग मोठं, शेवटी रीमर आणि पॉलिश पेपर. ॲल्युमिनियम टूलला चिकटतं, म्हणून मधूनमधून रॉकेलचे थेंब.

नातू अकरा वर्षांचा. त्याला डोळ्यांवर गॉगल चढवला, सैल बाह्या दुमडायला लावल्या आणि ड्रिलिंग मशीनचा दांडा हातात दिला. माझा हात त्याच्या हातावर होता. तीन भोकं झाली. चौथ्याला त्याला धीर आला, म्हणून मी हात काढला. खोल भोक पाडताना ड्रिल दर थोड्या वेळानं वर घ्यावं लागतं, नाहीतर आत कीस दाटतो. पोरानं ते घेतलं नाही. कडकन आवाज झाला आणि ड्रिल मोडलं.

त्याच वेळी दारात चहा घेऊन माझा मुलगा उभा होता.

आता १९८९ सालची गोष्ट सांगितली पाहिजे. हा मुलगा तेव्हा अकराच वर्षांचा. सुट्टीत माझ्या हातड्रिलवर काहीतरी करू पाहत होता आणि त्याच्याकडून असंच ड्रिल मोडलं. मी त्याला शेजाऱ्यांदेखत फाडफाड बोललो. "तुझ्या हातून काही व्हायचं नाही," हेही त्यात होतं. त्यानंतर त्यानं माझ्या हत्यारांना हात लावला नाही. पुढे तो संगणकात गेला, चांगलं नाव काढलं. मी मात्र वर्षानुवर्षं सांगत राहिलो, की त्याला या कामाची आवडच नाही.

नातू पांढराफटक पडून माझ्याकडे पाहत होता. मी मशीन बंद केलं. "मोडू दे. माझी शेकड्यांनी मोडली आहेत," मी म्हणालो. ते खरंच होतं. फक्त बोललो उशिरा. बोल्ट सोडले, साचा उघडला, आणि अडकलेला तुकडा आपसूक टेबलावर पडला. अखंड ठोकळा असता तर कदाचित सगळं कामच भंगारात गेलं असतं.

मुलगा काही बोलला नाही. चहा ठेवला, कपाटाशी गेला, डावीकडचा तिसरा खण ओढला आणि ४ मिलिमीटरचं नवं ड्रिल काढून पोराच्या हातात दिलं. माझे खण मी जुन्याच क्रमानं लावतो. तो क्रम त्याच्या लक्षात होता.

त्या संध्याकाळी चौघांनी मिळून खडू ओतले. कोमट पाण्यात भिजवले की कागद सुटतात. रंग निवडून वेगळे करावेत. सगळे एकत्र केले तर चिखली रंगच येतो. तेलखडू यात मिसळू नयेत. मेणाचा डबा थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या पातेल्यात ठेवावा, कारण तापलेलं मेण पेट घेतं. डबा स्वयंपाकातला नको, आणि ओतायचं काम मोठ्यांचं. साचा किंचित कोमट असावा, नाहीतर खडूला सुरकुत्या पडतात. निवताना मेण आक्रसतं आणि माथ्यावर खळगा पडतो. तिथे आणखी थोडं ओतावं.

खडूंच्या अंगावर सांध्याची बारीक शिवण आली होती. ती खरवडायला मी सुरी उचलली, तर नातीनं हात धरला. "राहू द्या, आबा. आपला आहे हे कळतं."

पस्तीस वर्षं मी साच्यांवरच्या अशा खुणा पुसत आलो. ही मात्र राहू दिली.