कुंडीस पाणी वरून द्यावे की खालून?



ज्यांच्या घरी एलियाहू हन्नाबीचा मलिदा होतो, त्यांस सब्जाचे महत्त्व सांगावयास नको. ताटात पोहे, खोबरे, साखर व फळे मांडून झाली, तरी सुवासावरील बेराखा म्हणावयास हिरवी डहाळी हवीच. अलिबागेकडे ती परसातून खुडून आणीत. सनीव्हेल येथे परस म्हणजे बहुधा सदनिकेची बाल्कनी आणि बाग म्हणजे चार-सहा कुंड्या. तेव्हा त्या कुंड्यांतील सब्जा, पुदिना व कढीपत्ता जगविणे हे निव्वळ हौसेचे काम राहत नाही. कुंडीतील रोप दगावले की आपण खताला किंवा उन्हाला दोष देतो. परंतु पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. पाणी किती द्यावे याची चर्चा घरोघर होते. ते कोणत्या बाजूने द्यावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तोच करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम दोन भूमींतील भेद ध्यानी घ्यावा. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, समुद्रकाठी वर्षाकाठी ८० इंचांच्या घरात पाऊस पडतो, आणि तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सनीव्हेल येथे वर्षाचा पाऊस सुमारे १५ इंच, आणि तो हिवाळ्यात. जून ते सप्टेंबर येथे जवळजवळ थेंबही पडत नाही. म्हणजे आपल्या हाताला लागलेली सवय येथे नेमकी उलटी पडते. ज्या महिन्यांत कोकणात झारीला हात लावावा लागत नसे, त्याच महिन्यांत येथे कुंडी तापून कोरडी ठणठणीत होते. आणि थंडीत, रोप झोपी गेलेले असताना, आपण सवयीने त्यास पाणी पाजीत राहतो.

हा धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो. आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीखाली ताटली होती व ती कधी रिकामी राहू नये याविषयी आम्ही फार दक्ष होतो. डिसेंबरात पाने पिवळी पडून गळू लागली. रोप तहानेले आहे असे समजून आम्ही आणखी पाणी ओतले. फेब्रुवारीत कुंडी उलटी केली तेव्हा मुळे काळी पडून कुजलेली आढळली. कढीपत्ता थंडीत पाने टाकतो व विश्रांती घेतो, त्या काळी त्याची तहान अगदी थोडी असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

हे नुकसान दिसते तितके लहान नव्हे. लिंबूवर्गातील झाडांवर पडणारी आशियाई सिट्रस सिला ही कीड कॅलिफोर्नियात २००८ साली प्रथम आढळली, आणि ती जो घातक रोग पसरविते तो २०१२ साली. कढीपत्ता लिंबाच्या गोतातला असल्यामुळे ही कीड त्यावरही पोसते. म्हणून भारतातून ताजी पाने वा रोप आणण्यास मनाई आहे आणि राज्यातल्या राज्यातही निर्बंधित क्षेत्रांतून रोपे हलविण्यावर बंधने आहेत. शेजारणीकडून रोप मागून आणावे हा कोकणातील सोपा मार्ग येथे बंद झाला असून मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच ते घ्यावे लागते. हाती असलेले रोप सांभाळावे हे उत्तम.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खालून पाणी देणे म्हणजे भोके असलेली कुंडी पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात ठेवून मातीला आपणहून पाणी ओढू देणे. पाणी वर कसे चढते? ज्या समाजास कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखीत, त्या समाजाच्या वंशजांस दिव्याची वात काय करते हे समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. तेल जसे वातीच्या धाग्यांमधून चढते, तसेच पाणी मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांतून चढते. पोकळी जितकी बारीक, तितके पाणी उंच जाते.

हल्ली कुंडीत आपण जी सेंद्रिय माती भरतो तीत खरी माती थोडीच असते. कुजलेले खत, पीट नावाचे दलदलीतील शेवाळ, काथ्याचा भुसा, झाडाच्या सालीचे तुकडे, असा तो मेळ असतो. या मिश्रणाचा, विशेषतः पीटचा, एक स्वभाव असा की ते एकदा पूर्ण वाळले म्हणजे पाण्याचा तिटकारा करू लागते. माती आक्रसते, कडेने फट पडते, आणि वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत उतरते. पाणी बाहेर आलेले पाहून आपले समाधान होते. मुळांभोवतीचा गोळा मात्र आत कोरडाच राहतो. अशा कुंडीस खालून पाणी देणे हाच खरा उपाय होय. अर्धा तास ती पाण्यात ठेवावी. पृष्ठभाग ओलसर दिसला की बाहेर काढून निथळू द्यावी. काथ्याचा भुसा पीटपेक्षा लवकर पुन्हा भिजतो. मात्र नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजविण्याची चाल असल्याने त्यात मीठ असू शकते. वापरण्यापूर्वी तो चांगला धुवावा.

खालून पाणी देण्याचे आणखीही लाभ आहेत. सब्जाचे बी अगदी बारीक. झारीच्या धारेने ते एका कोपऱ्यात वाहून जाते. खालून ओल मिळाल्यास ते जागच्या जागी फुगते व रुजते. पाने कोरडी राहिल्याने रोगही कमी होतात. सब्जा व तुळशीच्या वर्गातील रोपांवर पडणारा केवडा रोग अमेरिकेत २००७ साली फ्लोरिडात प्रथम दिसला. ओल्या पानांवर तो झपाट्याने पसरतो. तसेच सेंद्रिय मातीवर घोंघावणारी काळी चिलटे वरच्या दोन-तीन इंच ओल्या थरात अंडी घालतात. वरचा इंचभर थर मधूनमधून कोरडा राहिला तर त्यांची वाढ खुंटते.

एवढे वाचून कोणी झारी टाकून देईल, तर त्यास आम्ही थांबवू. खालून चढलेले पाणी वर येऊन उडून जाते, पण त्यातील क्षार मागे राहतात. शेणखतातील क्षारांची त्यात भर पडते. काही महिन्यांत मातीवर व कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसू लागतात आणि पानांची टोके करपतात. सनीव्हेलच्या नळास पाणी मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. एक योसेमिटीतील हेच हेची धरणाचे, जे १९३४ पासून सुमारे १६० मैलांवरून खाडीपरिसरात येत आहे. ते हिमाचे, म्हणून मृदू. दुसरे सांता क्लारा खोऱ्याच्या जलसंस्थेचे, जे तुलनेने जड असते. शिवाय काही विहिरींचेही पाणी मिसळते. आपल्या नळास कोणते येते याची नगरपालिकेकडे चौकशी करावी. किटलीत पांढरा थर जमत असेल, तर तोच थर कुंडीतही जमतो आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट जिवाणूंची. सेंद्रिय खत हे रोपाचे तयार अन्न नव्हे. मातीतील जिवाणू व बुरशी ते कुजवितात तेव्हा मुळांस अन्न मिळते, आणि त्यांस हवा व ओल दोन्ही लागतात. आपण खत घालतो ते वर पसरून. वरचा थर सदैव कोरडा राहिला तर ते खत तसेच पडून राहते. उलट कुंडी सदैव पाण्यात उभी राहिली तर तळाशी हवा उरत नाही व मुळे कुजतात. तळाशी खडे घातल्याने निचरा होतो हा समजही खरा नव्हे. बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी सहजी उतरत नाही. ओलीचा थर खड्यांच्या वर अडकून मुळांच्या अधिकच जवळ येतो.

तात्पर्य, दोन्ही रीतींची सांगड घालावी. एरवी खालून पाणी द्यावे. चार ते सहा आठवड्यांनी एकदा वरून कुंडीच्या आकारमानाच्या दुपटीइतके पाणी सावकाश ओतून क्षार धुवून काढावेत. त्या पाण्याबरोबर थोडे नत्रही वाहून जाते, म्हणून मागोमाग मूठभर कुजलेले खत वर पसरून शिंपावे. उघड्यावरील कुंड्यांस हिवाळ्याचा पाऊस हेच काम फुकट करून देतो. रोपवार सांगावयाचे तर सब्जाच्या बियांस व कोवळ्या रोपांस खालून, पुदिन्यास कोठूनही पण नित्य, आणि कढीपत्त्यास माती दोन इंच वाळल्यावरच. थंडीत तर त्याहूनही विरळ. कुंडी उचलून पाहणे ही सर्वांत भरवशाची परीक्षा. हलकी लागली तर पाणी द्यावे, जड लागली तर हात आवरावा. ताटलीत उरलेले पाणी ओतून टाकावे, नाहीतर डास होतात. खालून देऊन उरलेले पाणी दुसऱ्या कुंडीस चालते. २०१५ साली दुष्काळामुळे राज्याने शहरांच्या पाण्यात २५ टक्के कपात फर्माविली होती, हे ज्यांनी अनुभवले ते ही काटकसर विसरणार नाहीत.

अखेरीस आपल्या धर्माशी निगडित एक मुद्दा. शब्बाथच्या दिवशी रोपांस पाणी घालणे निषिद्ध आहे. जुलै-ऑगस्टात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत लहान कुंडी कोरडी पडू शकते. आपले शास्त्रकार शेतकऱ्यांत वावरलेले असल्याने हा प्रश्न त्यांस अपरिचित नव्हता. शुक्रवारी अंधार पडण्यापूर्वी बागेत पाट सोडून दिला व तो शब्बाथभर वाहत राहिला तर चालते, असे तलमूदातील शब्बाथ प्रकरणात सांगितले आहे. त्याच प्रकरणात मिश्नेने सच्छिद्र कुंडी व छिद्र नसलेली कुंडी यांत भेदही केला आहे, कारण छिद्रातून रोपाचा भूमीशी संबंध राहतो असे मानले जाते. बाल्कनीतला आपला पाट म्हणजे एक दोरी. नायलॉनच्या दोरीचे एक टोक मुळांजवळ रोवावे, दुसरे खालच्या झाकणबंद डब्यातील पाण्यात सोडावे, आणि हे सारे शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी आटोपावे. सुती दोरी मातीत लवकर कुजते. दोरी प्रथम ओली करून घ्यावी, म्हणजे पाणी चढू लागते.

मलिद्याचा दिवस ठरला की सहा ते आठ आठवडे आधी सब्जाचे बी पेरावे. कुंडी पसरट भांड्यात ठेवावी, वर ओल दिसताच काढावी आणि उन्हात ठेवावी. ताटाभोवती मंडळी जमतील तेव्हा डहाळी बाजारातून आणावी लागणार नाही, घरच्याच कुंडीतून खुडता येईल.