जुन्या मोटारघराच्या सुकाणूदोषाचे निदान

फोर्ड एफ-५३ सारख्या अमेरिकन चासीवर बांधलेले जुने मोटारघर सरळ रस्त्यावरही भरकटू लागले, की दोष बहुधा सुकाणूच्या गिअरपेटीला दिला जातो. ती बदलूनही दोष कायम राहतो. कारण हे लक्षण अनेक विकारांना समान आहे. यास्तव निदानात क्रमाला महत्त्व येते.

प्रथम सामान व पाणी भरून प्रत्येक आसावरील भार तोलावा व तदनुसार टायरांतील हवा ठरवावी. मागील आसापलीकडे अतिभार असल्यास पुढील चाके हलकी होऊन त्यांची पकड घटते. टायरवरील सांकेतिक क्रमांकाचे अखेरचे ४ अंक त्याचे वय सांगतात : '२३१८' म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबर जीर्ण असू शकते.

त्यानंतर मागील चाकांना अडणी लावून एकाने सुकाणूचक्र किंचित डावीउजवीकडे हलवावे व दुसऱ्याने सांधे न्याहाळावेत. गती जेथे हरवते, तेथे झीज असते. सांधे निर्दोष असल्यास स्प्रिंगांचे व अँटी-रोल बारचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर तपासावेत.

चाकांचे कोन सर्वांत शेवटी, भरल्या गाडीवरच जुळवावेत. सैल सांध्यांवर घेतलेले माप गाडी चालू लागताच निरर्थक ठरते.