सात दिवस कंपनीचे, दोन वर्षं ग्राहकाची

मोबाइलवर ‘रिटर्नची मुदत संपली’ असं दिसलं की बहुतेक गिऱ्हाईक विषय तिथंच सोडून देतं. बीड जिल्ह्यात ही समजूत जरा जास्तच महागात पडते. ऊसतोडीचा हंगाम लागला की इथले कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात गेलेले असतात. फडावरच्या कोपीला पत्ता नसतो. पार्सल गावाकडच्या घरी येतं, घरातलं म्हातारं माणूस ते जपून ठेवतं आणि खोकं उघडेपर्यंत सात दिवस केव्हाच उलटून जातात.

हे सात दिवस कंपनीने ठरवलेले आहेत, कायद्याने नाही. त्या मुदतीत कंपनी नुसती नापसंत वस्तूही परत घेते, ती तिची सवलत. किती दिवस द्यायची ते तिने ठरवावं. पण वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघाली, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69 ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं देतं. साडीचा रंग आवडला नाही तर आठव्या दिवशी गप्प बसावं. सुती म्हणून मागवलेली पॉलिस्टरची निघाली तर बसू नये. अर्थात उशीर जितका जास्त तितका पुरावा लंगडा. म्हणून खोकं कुणीही उघडो, आधी त्यावरच्या पत्त्याच्या कागदाचा फोटो काढावा. त्यावर ऑर्डर क्रमांक असतो, पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि बऱ्याचदा वजनही. मोबाइलच्या जागी साबणाची वडी निघाली तर ते वजन कामी येतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: अटींवर आपणच ‘मान्य’ दाबलंय आणि त्यांत वाद बेंगळुरूच्या न्यायालयात चालेल असं लिहिलंय, मग? 1986 च्या कायद्यात हा प्रश्न खरोखर अडचणीचा होता, कारण तक्रार समोरच्याचा धंदा जिथे चालतो किंवा वादाचं कारण जिथे घडलं तिथे करावी लागे. नव्या कायद्याच्या कलम 34 ने ती गाठ सोडवली. ग्राहक जिथे राहतो किंवा स्वतः जिथे कमावतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कायद्याने दिलेला हा हक्क कंपनीच्या छापील अटीने जात नाही. म्हणजे केजच्या माणसाला बीडचा आयोग आहेच; आणि हंगामात तो कोल्हापुरात राबत असेल तर तिथला दरवाजाही त्याला बंद नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: नऊशे रुपयांच्या मिक्सरसाठी अंबाजोगाईहून बीडला खेटे कोण घालणार? घालू नयेतच. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं; 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण हे त्याच्यावर बंधन आहे. दाद लागली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे आयोग: ‘ई-जागृती’वरून तक्रार घरबसल्या दाखल होते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. निकाल 3 महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त वेळ लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुष्कळ कंपन्या लढतात त्या ग्राहकाच्या कंटाळ्याच्या भरवशावर. पैशांऐवजी कूपन गळ्यात मारणं हाही त्यातलाच प्रकार. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला या टॅक्सी कंपनीला परतावा बँक खात्यात की कूपनने, हे प्रवाशाला निवडू द्यायला सांगितलं होतं.

एक मात्र वेगळं धरा. पैसे घेऊन गायब झालेलं बिनपत्त्याचं पान म्हणजे दुकान नव्हे, ती फसवणूक. तिथे वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करावा. बाकी कुठल्याही खरेदीच्या तक्रारीला 1915. तिथे मराठीत बोलता येतं.