निर्णय वैद्यकीय, दुःख आई-वडिलांचे

गर्भारपणाच्या १८ ते २० व्या आठवड्यातील सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत किंवा हृदयात गंभीर व्यंग आढळते आणि हव्या असलेल्या बाळाबाबत गर्भपाताचा निर्णय दाम्पत्याला थोडक्या दिवसांत घ्यावा लागतो. निर्णय स्वतः घेतलेला असल्याने या दुःखाला अपराधी भावनेचीही जोड मिळते.

मुंबई उच्च न्यायालयातील २००८ च्या निकेता मेहता प्रकरणामुळे २० आठवड्यांच्या कायदेशीर मर्यादेवर देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. कायद्याची वाट सुकर झाली असली तरी नंतरचे दुःख बहुधा घरातच दडपले जाते.

या टप्प्यावर अनेकदा औषधांनी कळा आणल्या जातात. प्रसूतिवेदना सोसून आई रिकाम्या हातांनी घरी परतते आणि दोन-चार दिवसांत तिला दूध येऊ लागते. याची पूर्वकल्पना रुग्णालयाने दिल्यास धक्का सौम्य होतो. बाळाला पाहायचे की नाही, हेही आई-वडिलांनाच ठरवू द्यावे.

काय बोलावे, काय टाळावे?

'झाले ते बरेच झाले', 'अजून वय आहे, दुसरे होईल' ही वाक्ये सांत्वनासाठी असली तरी गेलेले बाळ जणू नव्हतेच, असे सुचवतात. 'मुलगी होती का?' हा प्रश्न तर संशयाचाच असतो. त्याऐवजी 'तुमच्यावर फार कठीण प्रसंग आला' एवढे म्हणून ऐकत राहावे. जेवणाचा डबा पोचवणे, नातेवाइकांचे फोन घेणे ही मदत अधिक मोलाची. वडिलांचीही विचारपूस व्हावी. पत्नीला सावरण्याच्या नादात त्यांचे दुःख अबोल राहते. प्रसूतीची अपेक्षित तारीख जवळ आली की ते पुन्हा उफाळून येते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदी लागू असलेल्या नोकरदार स्त्रीला वैद्यकीय गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. तिचे नाव वा तपशील उघड करण्यास डॉक्टरांना कायद्याने मनाई आहे.

झोप न लागणे, सतत रडू येणे, कशातच मन न रमणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीव देण्याचे विचार येत असल्यास मात्र क्षणभरही थांबू नये. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.