न दुखणारा चट्टा

मिरचीचा ठेचा एकाएकी सोसेनासा होतो. पाणीपुरीची पुरी आख्खी तोंडात जात नाही, मोडून खावी लागते. विदर्भात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, सवय असलेली, जेमतेम पंचविशी गाठलेली मुले दंतवैद्याकडे येतात ती बहुधा असली तक्रार घेऊन. दात किडला असेल, अक्कलदाढ येत असेल, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात गालाच्या आतले अस्तर ताठर होत चाललेले असते.

यामागे मुख्यतः सुपारी आहे. तिच्यातल्या अ‍ॅरेकोलीनमुळे अस्तराखाली तंतूंचे जाड पट्टे तयार होतात, गालाची लवचीकता जाते आणि जबडा उघडेनासा होतो. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील, तर तोंड दाखवायलाच हवे. हा अजून कर्करोग नव्हे, त्याची पूर्वावस्था आहे. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हे समाधानही खोटे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण सुपारी आणि तंबाखूच्या पुड्या वेगवेगळ्या मिळतात आणि गिऱ्हाईक त्या हातावर एकत्र करते. बंदीचा हेतू तिथेच वाया जातो.

दुसरी खूण म्हणजे चट्टा. तंबाखूचा बार जिथे धरला जातो, त्या ओठाच्या किंवा गालाच्या खोबणीत पांढुरका, खरखरीत डाग उमटतो. पुसला तरी जात नाही. असे सगळेच डाग पुढे कर्करोगात बदलत नाहीत. मखमली लाल चट्टा मात्र कितीतरी अधिक धोक्याचा. त्याची तपासणी एक दिवसही लांबवू नये. हा केवळ पुरुषांचा प्रश्नही नाही. महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी करून डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हाही गावोगावच्या बायका तंबाखूच्या मिश्रीने दात घासत होत्या. मिश्री लावणाऱ्या कित्येकींना ते व्यसन वाटतच नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारले तरी उत्तर ‘नाही’ असेच येते.

सगळ्यात मोठी अडचण ही की सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तोंड आले की माणूस दुकानातून मलम आणतो, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतो आणि साधा फोड आठ-दहा दिवसांत बरा होतोही. पण दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, विनाकारण हलू लागलेला दात, दात काढल्यावर न भरणारा खड्डा किंवा मानेत लागणारी टणक गाठ यांना औषधाच्या दुकानात उत्तर नाही.

नुसते पाहून किती साधते, हे केरळने दाखवले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उजेडात लोकांची तोंडे तपासली. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ना महागडे यंत्र, ना रक्ततपासणी! गावोगावच्या आशाताईंना हे शिकवणे मुळीच अशक्य नाही.

पहिल्या टप्प्यातली गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची असते आणि मानेत पसरलेली नसते. शस्त्रक्रियेने ती निघाली, की अनेकांना रेडिएशनचीही गरज पडत नाही. तीच जबड्यात शिरली तर हाड कापावे लागते, पायाचे हाड घेऊन नवा जबडा घडवावा लागतो, वर रेडिएशनही घ्यावे लागते.

तरीही ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या भीतीपोटी कितीतरी जण तपासणीसाठी तुकडा काढू देत नाहीत आणि हातातले महिने घालवतात. ही भीती निराधार आहे. जागा बधिर करून छोटासा तुकडा घेतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. सरकारी दंत महाविद्यालयांतही ही सोय असते.